पहिल्या चोवीस तासांचा पंचनामा

२३ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत बदलापूरच्या शाळेतील अत्याचार प्रकरणाचा आरोपी गोळी लागून मेला. तळोजा कारागृहातून ताबा घेऊन त्याला ठाण्याला आणले जात होते. त्याने शेजारच्या अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या, एक गोळी त्या अधिकाऱ्याच्या मांडीला लागली आणि दुसऱ्या अधिकाऱ्याने स्वसंरक्षणासाठी गोळी चालवली, असे पोलिसांनी सांगितले. रात्र सरायच्या आत लोकांनी आपापले निकाल लावून टाकले. कुठे मिठाई वाटली गेली, कुठे ‘बदला पुरा’चे फलक लागले, तर कुठे हा ठरवून केलेला खून आहे असे तेवढ्याच ठामपणे बोलले गेले. दोन्ही बाजूंच्या हातात तेव्हा पोलिसांच्या एका निवेदनापलीकडे काही नव्हते.

त्या रात्री विचारायचे प्रश्न अगदी नीरस होते. मृत्यूबद्दल गुन्हा नोंदला का, आणि कुणावर? गाडी कुणाच्या ताब्यात आहे? दोन्ही पिस्तुले कुणी, किती वाजता, कुणासमोर सीलबंद केली? गाडीत बसलेल्या प्रत्येकाच्या हातांचे नमुने घेतले का? असले प्रश्न घेऊन कुणी मोर्चा काढत नाही. पण गोळी झाडणारा पोलीस पुढे सुटेल की त्याला शिक्षा होईल, आणि जे होईल त्यावर शहाण्या माणसाने विश्वास ठेवावा की नाही, हे बहुतांशी याच प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते. निकाल दहा-वीस वर्षांनी लागतो. तोपर्यंत न्यायालयापुढे पहिल्या चोवीस तासांत जे गोळा झाले तेवढेच असते. म्हणून एखादा अधिकारी निर्दोष सुटल्यावर जो वाद आपण घालतो तो फार उशिरा घालतो, असे माझे म्हणणे आहे.

ठाणे जिल्ह्याला हा धडा नवा नाही. ज्याला सगळे मुंबईचे प्रकरण म्हणतात ते लखन भैया प्रकरण सुरू झाले वाशीत. ११ नोव्हेंबर २००६ रोजी दुपारी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखन भैया आणि त्याच्या एका मित्राला वाशीतून उचलले गेले. त्याच संध्याकाळी वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ लखन भैया ‘चकमकीत’ ठार झाल्याचे पोलिसांनी जाहीर केले. हे प्रकरण टिकले ते मृताच्या भावामुळे. हा भाऊ वकील होता. त्याने दुपारीच, म्हणजे चकमक झाल्याचे सांगितले गेले त्याच्या काही तास आधी, पोलिसांच्या वरिष्ठांना तारा आणि फॅक्स पाठवले होते: माझ्या भावाला उचलले आहे, त्याच्या जिवाला धोका आहे. त्या कागदांवरची वेळ कुणालाही मागे-पुढे करता येण्यासारखी नव्हती. संध्याकाळी अचानक समोरासमोर आलेला गुंड दुपारीच बेपत्ता असल्याची लेखी तक्रार असेल, तर चकमकीची कथा तिथेच लंगडी पडते. त्या तारा नसत्या तर पुढचे काहीच झाले नसते, हे मी अतिशयोक्ती न करता म्हणतो. (या खटल्यात सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली ती १२ जुलै २०१३ ला. दोन-तीन दिवसांत देशातली तारसेवाच बंद झाली.)

तरीही हातात असा पुरावा असताना किती काळ गेला पाहा. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून दंडाधिकाऱ्यांनी चौकशी करून २००८ मध्ये अहवाल दिला. २००९ मध्ये न्यायालयाने विशेष तपास पथक नेमले, आणि तेव्हा कुठे खुनाचा तपास खऱ्या अर्थाने सुरू झाला, म्हणजे घटनेनंतर जवळपास तीन वर्षांनी. आरोपी पोलिसांचा जामीन रद्द ठेवताना सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये अतिशय कठोर भाषा वापरली. खोटी चकमक म्हणजे थंड डोक्याने केलेला खून आहे आणि अशा खटल्यात दोषी ठरलेल्या पोलिसाला फाशी व्हायला हवी, इथपर्यंत ते खंडपीठ गेले. फाशीबद्दल माझे मत वेगळे आहे, पण तो विषय इथला नाही. २०१३ मध्ये २२ आरोपींपैकी २१ दोषी ठरले, त्यांत १३ पोलीस होते. एक सुटला: प्रदीप शर्मा, ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’ म्हणून सगळ्यात जास्त नाव असलेला अधिकारी.

या सुटकेचे पुढे काय झाले ते ठाणेकरांनी जवळून पाहिले. सुटकेविरुद्ध सरकारनेही अपील केले होते आणि मृताच्या भावानेही. ती अपिले उच्च न्यायालयात पडून असताना २०१७ मध्ये शर्मा सेवेत परतले आणि ठाणे पोलिसांच्या खंडणीविरोधी पथकाचे प्रमुख झाले. म्हणजे राज्याचा वकील ज्याला खुनी म्हणून न्यायालयात उभा करत होता, त्याच माणसाला राज्याचे गृहखाते ठाण्यात गुन्हेगारांच्या मागावर पाठवत होते. यात बेकायदा काही नाही, कारण सुटका ही सुटकाच असते. पण ‘न्यायालयाने निर्दोष सोडले’ हे वाक्य चार वर्षे चारित्र्याच्या दाखल्यासारखे फिरत राहिले आणि अपील चालू आहे याची आठवण कुणी काढली नाही. दरम्यान डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने शिक्षा भोगणाऱ्या ११ पोलिसांची शिक्षा स्थगितही केली होती. उच्च न्यायालयाने तो आदेश २०१६ मध्ये रद्द केला.

१९ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शर्मांची सुटका उलटवली आणि जन्मठेप दिली. १३ जणांची शिक्षा कायम ठेवली, ६ जणांना सोडले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये शर्मांना तूर्त शरण येण्यापासून सूट दिली. अंतिम शब्द तिथलाच असणार, तेव्हा इथे त्यावर भविष्य सांगण्यात अर्थ नाही. पण सुटका उलटवणे किती अवघड असते ते लक्षात घ्यायला हवे. आरोपी निर्दोष आहे हे गृहीतक खालच्या न्यायालयाच्या निकालाने दुप्पट बळकट होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगून ठेवले आहे. पुराव्यातून दोन मते निघू शकत असतील तर आरोपीच्या बाजूचे मत कायम राहते. वरच्या न्यायालयाला ‘आम्हाला वेगळे वाटते’ म्हणून भागत नाही. खालच्या न्यायालयाने पुरावा डोळ्याआड केला, निष्कर्ष विपर्यस्त आहे, असे दाखवावे लागते. उच्च न्यायालयाने नेमके तेच दाखवले.

आता कायद्याची एक गाठ सोडवून पाहू, कारण सगळा गोंधळ तिथे आहे. साध्या खुनाच्या खटल्यात आरोपी म्हणतो, मी मारलेच नाही. चकमकीच्या खटल्यात पोलीस म्हणतो, हो, मीच गोळी झाडली, पण जीव वाचवायला झाडली. कृत्य मान्य आहे, वाद कारणाचा आहे. स्वसंरक्षणाचा अपवाद जो मागतो त्यानेच तो दाखवायचा असतो, असे पुरावा कायदा सांगतो. जुन्या कायद्यात हे कलम १०५ होते, नव्या भारतीय साक्ष अधिनियमात १०८ आहे. आरोपीला ते निःसंशय सिद्ध करावे लागत नाही, ‘असे घडले असण्याची शक्यता जास्त’ एवढे दाखवले तरी पुरते. कागदावर हा तोल ठीक दिसतो. पण प्रत्यक्षात पहिला पंचनामा, पहिली फिर्याद, पहिले जबाब हे सगळे गोळी झाडणाऱ्याच्या सहकाऱ्यांनीच लिहिलेले असतात आणि त्यांत स्वसंरक्षणाची कथा आधीच बसवलेली असते. मग आरोपीला दाखवायला काही उरतच नाही. सरकार पक्षाच्या स्वतःच्याच कागदांनी त्याचा बचाव लिहून ठेवलेला असतो आणि सरकारी वकिलाला आपल्याच कागदांशी भांडावे लागते. अशा खटल्यात सुटका झाली तर न्यायाधीशांना शिव्या देणे सोपे असते, पण न्यायाधीशांपुढे दुसरा कागद होताच कुठे?

मुंब्र्याच्या घटनेत हेच पहिल्या रात्री घडले. मुंब्रा पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला तो मृतावर, खुनाच्या प्रयत्नाचा. मृत्यूची नोंद ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून झाली. योगायोग असा की बरोबर दहा वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने चकमकीतील मृत्यूंच्या तपासासाठी १६ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली होती. तो खटलाही महाराष्ट्राचाच, १९९५ ते १९९७ या काळातल्या मुंबई पोलिसांच्या सुमारे ९९ चकमकींचा, ज्यांत सुमारे १३५ माणसे मेली होती. त्या तत्त्वांत पहिल्यापासून स्पष्ट आहे: मृत्यू झाला की गुन्हा नोंदवा, विनाविलंब न्यायालयाकडे पाठवा, तपास सीआयडीकडे (राज्य पोलिसांच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे) किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाकडे द्या आणि त्यावर चकमक करणाऱ्या पथकाच्या प्रमुखापेक्षा किमान एक पायरी वरचा अधिकारी देखरेखीला ठेवा. प्रकरण सीआयडीकडे गेले हे खरे. पण मृत्यूबद्दल पोलिसांवर गुन्हा नोंदवायचा की नाही, या एकाच प्रश्नावर सहा महिने गेले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पाच पोलिसांना जबाबदार धरले, बळाचा वापर समर्थनीय नव्हता असे म्हटले. ठाण्याच्या सत्र न्यायालयाने त्यातील निष्कर्षांना मध्येच स्थगिती दिली. मृताच्या आईवडिलांनी फेब्रुवारीत आम्हाला हे प्रकरण पुढे चालवायचे नाही असे उच्च न्यायालयाला सांगितले, तरी न्यायालयाने ते सोडले नाही. ७ एप्रिल २०२५ रोजी उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवून विशेष पथकाने तपास करावा असा आदेश दिला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ते पथक राज्याच्या पोलीस महासंचालकांनी नेमावे असा बदल केला.

गुन्हा मृतावर नोंदला काय आणि पोलिसांवर नोंदला काय, तपास तर दोन्हीकडे होतोच, असे काही निवृत्त अधिकारी म्हणतात. हा युक्तिवाद दिसतो तितका निरागस नाही. तपास अधिकारी ज्या कलमाखाली नेमला जातो त्या कलमाचे घटक शोधतो. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा असेल तर तो मृताने गोळी झाडली का, कुणाला लागली, जखम किती खोल, हे पाहील. दुसऱ्या पिस्तुलातली गोळी किती अंतरावरून सुटली हा प्रश्न त्याच्या वहीत येणारच नाही. त्यातून मृतावरचा खटला आरोपीच्या मृत्यूमुळे आपोआप संपतो. फाइल बंद, मुद्देमाल नष्ट करायला मोकळा.

आणि मुद्देमाल कोणता, तो किती नाजूक, हे समजल्याशिवाय घाई कशाची ते कळत नाही. गोळी झाडणाऱ्याच्या हातावर शिसे, बेरियम आणि अँटिमनीचे सूक्ष्म कण बसतात. जिवंत माणसाच्या हातावरून ते चार-सहा तासांत जातात. हात धुतला, घाम पुसला, खिशात घातला, की त्याआधीच. म्हणून गाडीतल्या प्रत्येक माणसाच्या दोन्ही हातांचे नमुने तिथल्या तिथे, वेगवेगळ्या पाकिटांत घ्यावे लागतात. मृताच्या हातांना कागदी पिशव्या बांधायच्या असतात, प्लास्टिकच्या नाही, कारण प्लास्टिकमध्ये ओल धरते. बंद गाडीत गोळी सुटली की कण सगळ्यांवर उडतात. तेव्हा नुसते ‘कण सापडले’ यावरून कुणी झाडली ते सांगता येत नाही. कण कुठे आणि किती दाट आहेत यावर तज्ज्ञ बोलू शकतो, तेही नमुने सगळ्यांचे असतील तरच.

अंतराचा हिशेब कपड्यांवरून आणि कातडीवरून होतो. काही इंचांवरून गोळी सुटली तर काजळी आणि भाजल्याच्या खुणा दिसतात. साधारण हातभर अंतरापर्यंत न जळालेल्या दारूचे ठिपके कातडीत रुततात. त्यापलीकडे नुसते भोक. गाडीच्या मागच्या भागात समोरासमोरच्या बाकांवर बसलेल्या माणसांत हा फरक निर्णायक असतो. झटापट चालू होती की एकजण शांत बसला असताना समोरून गोळी आली, हे त्या ठिपक्यांवरून बरेच उमगते. पण त्यासाठी तेच पिस्तूल आणि त्याच तुकडीची उरलेली काडतुसे घेऊन पांढऱ्या कापडावर १५, ३०, ४५, ६० सेंटिमीटरवरून चाचणी करावी लागते. उरलेली काडतुसे शस्त्रागारात परत जमा होऊन दुसऱ्याला दिली गेली की ही चाचणी अर्धी मेली. कपड्यांचे हाल याहून वाईट. अपघात विभागात जखमीचे कपडे कात्रीने कापतात, तेही नेमके भोकातून, आणि बोळा करून कोपऱ्यात टाकतात. परिचारिकेचा त्यात दोष नाही, तिला जीव वाचवायचा असतो. पण तिथे उभ्या असलेल्या हवालदाराने ते कपडे सावलीत वाळवून कागदात बांधायचे असतात, हे त्याला कुणी शिकवलेले नसते.

मग मोजणी. शस्त्रवाटप नोंदवहीत पिस्तुलाचा क्रमांक आणि दिलेल्या काडतुसांची संख्या असते. दिलेली काडतुसे म्हणजे झाडलेली, मॅगझिनमधली आणि नळीत चढवलेली, यांची बेरीज. ती जुळलीच पाहिजे. पिस्तूल प्रत्येक गोळीमागे पुंगळी बाहेर फेकते, तेव्हा जेवढ्या गोळ्या तेवढ्या पुंगळ्या गाडीत सापडायला हव्यात. पायपुसण्याखाली, दाराच्या फटीत, बुटाच्या तळव्याला चिकटून त्या गायब होतात. म्हणून जखमींना उतरवल्यावर गाडी कुणी चालवत न्यायची नाही, जागेवरच ताब्यात घ्यायची, टोइंगने हलवायची. तिच्या पत्र्यातल्या भोकांतून सळ्या घालून गोळीची दिशा काढायची. पोलिसांकडे गाड्यांची टंचाई असते, चार दिवसांत सुपूर्दनाम्यावर, म्हणजे लेखी हमीवर, ती परत ड्युटीवर जाते, धुतली जाते, आणि दिशा कायमची हरवते.

बोटांच्या ठशांबद्दल एक सांगायला हवे, कारण बदलापूर प्रकरणात त्यावर फार बोलले गेले. पिस्तुलावर मृताचे ठसे मिळाले नाहीत, हे दंडाधिकाऱ्यांच्या अहवालात ठळकपणे आले. पोलिसांवर टीका करणाऱ्यांनी त्यावरच सगळा भर दिला. तो धोक्याचा आहे. पिस्तुलाची मूठ खडबडीत असते, वरचा भाग तेलकट असतो आणि हिसकाहिसकीत बोटे घसरतात. अशा पृष्ठभागावर ओळखण्याजोगा ठसा बऱ्याचदा मिळतच नाही. ‘ठसा नाही म्हणजे हात लागला नाही’ हे विधान उलट्या बाजूचा वकील दहा मिनिटांत खोडून काढेल. बाकीच्या पुराव्याशी जुळले तरच त्याला वजन आहे. ‘पायावर का नाही झाडली’ हा सवालही मला तितका पटत नाही. हातभर अंतरावर पिस्तूल रोखलेला माणूस खरोखर असेल, तर मांडी शोधत बसणे कुणालाच जमणार नाही. खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: कैद्याच्या शेजारी बसलेल्याच्या कमरेला भरलेले पिस्तूल हाताच्या टप्प्यात का होते? ते दोरीने बांधलेले होते का? सुरक्षेचा खटका बंद होता का, नळीत काडतूस आधीच चढवलेले होते का? नळीत काडतूस नसेल तर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढल्याशिवाय आणि तो खटका बंद असेल तर तो सोडल्याशिवाय गोळी सुटत नाही, आणि हे न शिकलेल्या माणसाला झटापटीत जमणे सोपे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ ने बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांतल्या आरोपीला बेड्या घालण्याची मुभा स्पष्ट शब्दांत दिली आहे. म्हणजे सगळ्यात स्वस्त, बिनरक्ताचा उपाय कायद्याने हातात ठेवला होता.

इथे पोलिसांची बाजू टाळून पुढे जाता येणार नाही. रात्री दोन वाजता खाडीकिनारी हत्यारबंद टोळीसमोर जाणाऱ्या शिपायाला आपण कायद्याचे वर्ग घेऊ नयेत, असे म्हणणारे सगळेच खुनाचे समर्थक नसतात. जे अधिकारी खरोखर जीव वाचवण्यासाठी गोळी चालवतात त्यांच्यावरही वर्षानुवर्षे संशय राहतो, बढती अडते, घरच्यांना टोमणे ऐकावे लागतात. पण त्यांना या संशयातून बाहेर काढणारी एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्हे, तर दुसऱ्या कुणी केलेला तपास. २०१२ चा झारखंडचा निकाल पाहा. आरोपी केवळ गुन्हेगार आहे म्हणून त्याला मारणे हे पोलिसांचे काम नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाचे वाक्य त्याच निकालातले. चकमकींविरुद्ध बोलणारे ते नेहमी उद्धृत करतात. पण त्या खटल्यात निकाल पोलिसांच्या बाजूने लागला, कारण चकमक खोटी असल्याचे काही समोर नव्हते. २०१४ च्या तत्त्वांतही अधिकाऱ्याने शस्त्र तपासणीला द्यावे असे म्हणताना स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा त्याचा हक्क राखला आहे, त्याच्या घरच्यांना कळवण्याची आणि कायदेशीर मदतीची सोय सांगितली आहे. पटकन बढती आणि शौर्यपदक मात्र नको, शौर्य निःसंशय ठरेपर्यंत नको. हे शेवटचे आपल्याकडे जास्त अवघड जाते, कारण पदकाआधीच चौकात सत्कार होतात.

बदलापूरच्या लोकांचा संताप मात्र मला समजतो, आणि त्याचे मूळ लोक विसरले याचे वाईट वाटते. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या चिमुकल्या मुलींच्या पालकांना तक्रार नोंदवायला पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळत ठेवले गेले. २० ऑगस्टला बदलापूर स्थानकात लोक रुळांवर उतरले ते त्या दिरंगाईमुळेही. पोलिसांनी वेळेत गुन्हा नोंदवला नाही म्हणून ज्यांनी रेल्वे अडवली, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना महिनाभरानंतर पोलिसांनी गुन्हा न नोंदवल्याचे काहीच वाटले नाही. मुलींच्या बाजूने पाहिले तर नुकसान त्यांचेच झाले. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला संपतो. शाळेत कुणाला कधी काय माहीत होते, कुणी दडवले, हे त्याच्या खटल्यात उलटतपासणीतून बाहेर आले असते तेवढे आता येणार नाही.

मग ठाणे आणि नवी मुंबईत काय करता येईल? दोन्हीकडे स्वतंत्र पोलीस आयुक्तालये आहेत, मध्ये शिळफाट्याएवढेच अंतर. ‘दुसऱ्या पोलीस ठाण्याचे पथक’ याचा अर्थ आज कागदावर त्याच आयुक्तालयातले शेजारचे ठाणे असाही लावता येतो. एकाच आयुक्ताच्या हाताखालचा निरीक्षक दुसऱ्या निरीक्षकाची चौकशी करतो, हे कुणाला पटायचे? पोलिसांच्या गोळीने माणूस मेला की घटनास्थळ दोन तासांत शेजारच्या आयुक्तालयाच्या ताब्यात द्यावे, सीआयडी येईपर्यंत तिथला पहारा त्यांचा, पंचनामा त्यांचा, पंचही त्यांनी आणलेले, असा स्थायी आदेश पोलीस महासंचालकांना काढता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. नव्या संहितेने जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केलेच आहे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर यायचे, हेही त्यात आहे, राज्यांनी ते टप्प्याटप्प्याने लागू करायचे आहे. चकमकीच्या मृत्यूंना त्यात पहिला क्रमांक द्यावा. कैदी नेणाऱ्या गाड्यांत मागच्या भागात कॅमेरा आणि नोंद जपणारे यंत्र बसवावे. पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांची नोंद किमान वर्षभर ठेवा असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले, पण गाडी त्या आदेशाच्या बाहेरच राहिली. रस्त्यावरचे आणि दुकानांचे चित्रण काही आठवड्यांत पुसले जाते, तेव्हा ते ताब्यात घेण्याचे पत्र त्याच रात्री निघायला हवे. मोबाइलच्या नोंदी कंपन्या दोन वर्षे ठेवतात, तिथे थोडी उसंत असते.

नातेवाइकांसाठीही एक दार आहे, ते फारसे कुणाला माहीत नसते. तत्त्वे पाळली गेली नाहीत, तपास स्वतंत्र नाही असे वाटले, तर घटना जिथे घडली तिथल्या सत्र न्यायाधीशांकडे थेट तक्रार करता येते. माणूस उचलला गेल्याचे कळले की त्या क्षणी आयुक्त, जिल्हा न्यायालय आणि राज्य मानवी हक्क आयोगाला ईमेल करावी, ११२ वर फोन करावा, कारण त्याची वेळ यंत्रात नोंदली जाते. २००६ मध्ये तारेने जे केले ते आज या दोन गोष्टी करतील.

सगळ्यात कठीण भाग साक्षीदारांचा. गुजरातमधल्या सोहराबुद्दीन चकमकीच्या खटल्यात मुंबईच्या विशेष न्यायालयात २१० साक्षीदार तपासले गेले, ९२ फितूर झाले आणि डिसेंबर २०१८ मध्ये सगळे २२ आरोपी सुटले. लखन भैया प्रकरणात वाशीतून सोबत उचललेला तो मित्र सुमारे महिनाभर बेकायदा ताब्यात होता. सरकार पक्षाचा तो सगळ्यात मोलाचा साक्षीदार ठरला असता. मार्च २०११ मध्ये साक्षीच्या काही दिवस आधी तो बेपत्ता झाला आणि त्याचा जाळलेला मृतदेह मनोरजवळ सापडला. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता. त्याचे मारेकरी अजून सापडले नाहीत याबद्दल उच्च न्यायालयाने २०२४ च्या निकालात खेद व्यक्त केला. २०१८ पासून देशभर साक्षीदार संरक्षण योजना आहे. अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे जातो आणि धोका किती याचा अहवाल पाच कामकाजी दिवसांत मागवला जातो. तो अहवाल लिहितो संबंधित विभागाचा सहायक पोलीस आयुक्त किंवा उपअधीक्षक. आरोपी पोलीस असतील तरी हा नियम तसाच लागू होतो. अशा खटल्यांपुरता तो अहवाल दुसऱ्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने किंवा थेट न्यायाधीशांनी नेमलेल्या व्यक्तीने द्यावा, एवढी दुरुस्ती राज्य सरकारला आपल्या पातळीवर करता येण्यासारखी आहे.